जुनी गाडी मी घेतेय, उत्तरं मात्र नवऱ्याला मिळतात. शिवाय मीटर खरं वाटत नाही. काय करू?

नमुना_नळी

नमस्कार. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम आता माझ्याकडे आलंय आणि त्यासाठी मला स्वतःची गाडी लागणार आहे. नवी झेपणार नाही, म्हणून वापरलेली शोधतेय. लहान हॅचबॅक, पेट्रोल, आणि डिकी एवढी की नमुन्यांची थंड पेटी आडवी-तिरकी न करता सपाट ठेवता येईल. पैसे माझे, चालवणार मी, नोंदणीही माझ्याच नावावर.

एका डीलरकडे करड्या रंगाची एक गाडी पाहून आलेय. सात वर्षांची, एकच मालक, रनिंग ३८ हजार किलोमीटर असं सांगितलं. बाहेरून चकाचक आहे. मी जे पाहिलं ते तिथल्या तिथे वहीत उतरवलं, ते इथे देते.

ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड दिसतंय. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड उसवलीय, स्पंज बाहेर आलाय. स्टिअरिंगचा वरचा अर्धा भाग हाताला गुळगुळीत लागतो, खालचा खरखरीत. बाजूची सीट मात्र नव्यासारखी. टायर पुढचे एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या. टायरवरच्या आकड्यांवरून मागचे गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे आहेत आणि पुढचे पाच वर्षांनी. डाव्या बाजूच्या मागच्या दाराची काच बाकीच्या काचांपेक्षा वेगळ्या कंपनीची आहे.

मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचले तेव्हा बोनेट गरम होतं. विचारलं तर म्हणाले, "धुवायला बाहेर काढली होती, मॅडम." बाहेरच्या गॅरेजमध्ये दाखवून आणते म्हटलं तर म्हणाले, "आमच्या तपासणीचं सर्टिफिकेट आहे की, त्याची काय गरज?"

आता दुसरा मुद्दा. सोबत माझे मिस्टर होते. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि ते त्यांनी आल्याआल्या सांगितलं होतं. तरीही मी विचारलं की इंजिनला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) आहे की चेन, तर उत्तर त्यांच्याकडे बघून दिलं गेलं, आणि तेही अर्धवट. मी बोनेट उघडायला सांगितलं, तर मला म्युझिक सिस्टीम दाखवायला दुसरा मुलगा पुढे आला. ट्रायलची किल्ली मिस्टरांच्या हातात ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे दिली तेव्हा तो माणूस म्हणाला, "आधी रिकाम्या रस्त्यावर घ्या हं." मी वर्षानुवर्षं लॅबची व्हॅन चालवतेय.

मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. जे उत्तर मिळालं नाही त्याचा भुर्दंड मला भरावा लागणार आहे, मिस्टरांना नाही आणि त्या माणसालाही नाही. आमच्या लॅबमध्ये नळीवर वेळ लिहिलेली नसेल तर तो नमुना कितीही चांगला दिसो, परत पाठवतात. गाडीलाही मला तोच नियम लावायचाय, ज्याची नोंद नाही ते धरायचं नाही. पण कोणत्या नोंदी मागायच्या? आणि उत्तर मलाच मिळावं म्हणून काय करायचं? पुढच्या वेळी एकटी जाऊ का?

पाना_पकड

ताई, ही गाडी सोडा. मी गॅरेज चालवतो, रोज अशा गाड्या लिफ्टवर बघतो. आणि सोडा म्हणतोय ते मीटरमुळे नाही. तुम्ही नको म्हटलं असताना इंजिन तापवून ठेवलं आणि बाहेर दाखवायला नकार दिला, या दोन गोष्टींवर मी तिथून निघालो असतो.

थंड इंजिनचा एवढा आग्रह का, ते सांगतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर थोडं ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये जातं आणि सकाळच्या पहिल्या सेलला (स्टार्टर मारल्यावर) निळसर धुराचा एक लोट निघतो, मग बंद होतो. टायमिंग चेन सैल झाली असेल तर सुरुवातीचे काही सेकंद पुढून खडखड ऐकू येते, ऑइलचं प्रेशर आलं की थांबते. बॅटरी थकली असेल तर तीही पहिल्याच सेलला कळते. एकदा गाडी तापवली की यातलं काहीच दिसत नाही. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तपासायचं झाकणसुद्धा गरम इंजिनवर उघडता येत नाही. आणि उघडूही नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. थंड असताना उघडलं आणि आत तेलकट तवंग किंवा गंजाचा गाळ दिसला तर तिथेच थांबायचं.

धुराचे रंग लक्षात ठेवा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ निघते, ती साधी असते. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय, म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर असेल तर तीच शंका घ्या. मात्र फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही नुसत्या दमटपणाने तसा थर जमतो, तेवढ्यावरून निकाल लावू नका.

आता मीटर. डिजिटल आहे म्हणून खरं असतं, हा समज सोडून द्या. आकडा डॅशबोर्डमधल्या चिपमध्ये साठवलेला असतो आणि उपकरण लावून तो बदलता येतो. पण बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद आणखीही कुठे कुठे राहते, कुठे गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये, कुठे ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या, काहींच्या तर किल्लीत. मीटर पाडणारा प्रत्येक ठिकाणी हात घालतोच असं नाही. कंपनीच्या वर्कशॉपला विचारा, प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचा आकडा त्यांच्याकडे लिहिलेला असतो. तो तारखेप्रमाणे वाढत गेला पाहिजे. मधेच कमी झाला तर पुढे बोलणंच नको.

पेडल एकट्याने काही सिद्ध होत नाही. गर्दीतल्या गाडीला ब्रेक जास्त लागतो, ते रबर लवकर जातं. पण सीटची कड माणूस चढ-उतार करून झिजते आणि स्टिअरिंग तासन्‌तास हातात राहून. तिन्ही एकत्र, बाजूची सीट कोरी, आणि म्हणे ३८ हजार. माझा विश्वास बसत नाही. टायरचंही तेच, एवढ्या कमी रनिंगला चारही टायर बदलायची वेळ सहसा येत नाही. तुम्ही आकडे वाचले ते फार बरं केलंत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघायचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. कधीकधी ही पूर्ण ओळ टायरच्या आतल्या बाजूलाच असते, वाकून बघावं लागतं.

काच वेगळी म्हणजे ती बदललीय, एवढं नक्की. दगड लागून फुटली असेल किंवा दार ठोकलं गेलं असेल. दाराच्या चौकटीवरची रबरी पट्टी हलकेच ओढा. आत कारखान्याचे स्पॉट वेल्ड दिसतात, गोल, खोलगट, ठराविक अंतरावर. वेडेवाकडे किंवा घासून बुजवलेले असतील तर तिथे काम झालंय. बिजागऱ्यांचे आणि बोनेटचे बोल्ट बघा. पाना लागला की बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतोच. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. एखाद्या पत्र्यावर आकडा एकदम ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे असं समजा. बंपर ठोकलेला असेल तर मला एवढं काही वाटत नाही, बंपर त्याचसाठी असतो. खांब, छप्पर आणि डिकीचा तळ इथे काम झालेलं असेल तर गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

जुना_प्रवासी

तपासणीचं पाना_पकड यांनी छान सांगितलंय. दुसऱ्या मुद्द्यावर माझं मत थोडं वेगळं आहे. ताई, विक्रेता कुणाकडे बघून बोलतो याकडे फार लक्ष देऊ नये. गाडीतलं कळणारा एखादा भाऊ, काका सोबत न्यावा आणि बोलणं त्यांच्यावर सोपवावं. काम झाल्याशी मतलब.

नमुना_नळी

@जुना_प्रवासी, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय हे कळतं. पण बोलणं सोपवलं की ऐकणंही सोपवलं जातं. विक्रेता काय बोलला, कुठे थांबला, कोणत्या प्रश्नावर विषय बदलला, हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळणार. उद्या गाडी रस्त्यात बंद पडली तर गॅरेजवाल्याला तिचा इतिहास मलाच सांगायचाय. जाणकार माणूस मी नेईन, पण तो गाडी बघेल. बोलणार मी.

@पाना_पकड दादा, मनापासून आभार. गाडी सोडलीय, त्यांना तसं कळवलंही. टोकन दिलेलं नव्हतं.

चौथा_गिअर

नमुना_नळी, मी तुमच्या जागी होते, म्हणून मला जे उपयोगी पडलं ते सांगते. एकटी जा किंवा कुणाला घेऊन जा, पण पहिलं बोलणं लेखी करा. गाडी बघायला जायच्या आधी मी विक्रेत्याला मेसेज करते: चेसिस नंबर, सर्व्हिसच्या नोंदींचे फोटो, किती मालक झाले, कर्जाचा बोजा उतरलाय का, विम्याचा मोठा क्लेम झालाय का, आणि बाहेरच्या मेकॅनिकला दाखवायला हरकत आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. तिथे हो आलं नाही तर मी जातच नाही. लिहून विचारलं की समोरचा तुम्ही कोण आहात हे बघत नाही, प्रश्न बघतो. आणि पुढे वाद झालाच तर तुमच्या हातात काहीतरी राहतं.

चेसिस नंबरचं नीट समजून घ्या. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना १७ अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. ती दिसली तर नंबर उतरवताना चूक झालीय किंवा नंबरच खरा नाही. पुढच्या काचेखाली, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, पत्र्यावर कोरलेला, आणि कागदावर, जिथे जिथे असेल तिथे एकच नंबर हवा. कोरलेल्या नंबराभोवती ताजा रंग किंवा घासल्याच्या खुणा असतील तर सरळ परत फिरा.

समोर गेल्यावर पहिलं वाक्य माझं असतं: "गाडी मी घेतेय, प्रश्न मी विचारणार, उत्तरं मला द्या." हसून सांगते पण सांगतेच. सोबतच्या माणसाला आधी समजावून ठेवते की तुझ्याकडे बघून उत्तर आलं तर तू माझ्याकडे बघ, काही बोलू नको. दोन-तीनदा असं झालं की विक्रेत्याची मान आपोआप वळते. प्रश्न विचारल्यावर गप्प राहायचं. आपणच "म्हणजे बेल्ट असेल ना" असं पुढे काही बोललो की समोरच्याला "हो हो" म्हणून सुटता येतं.

ट्रायलला अनोळखी माणसासोबत एकटीने जाऊ नका. दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीत, आणि घरी कुणाला तरी गाडीचा नंबर आणि ठिकाण पाठवून मगच. हे भीतीपोटी सांगत नाहीये. मन निवांत असलं तरच गाडीचा आवाज ऐकू येतो.

आणखी एक, याबद्दल पुरुष फारसे बोलत नाहीत. मी उंचीने कमी आहे. क्लच पूर्ण दाबायला सीट पुढे घ्यावी लागते आणि छाती स्टिअरिंगच्या जवळ येते. एअरबॅग फुटताना मध्ये साधारण २५ सेंटिमीटर अंतर असावं असं सांगतात. म्हणून मी टेप घेऊन जाते. सीट उंच होते का, स्टिअरिंग वर-खाली आणि मागे-पुढे होतं का, पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर बसतो का, हे बघूनच गाडी यादीत ठेवते. एकाने मला "मॅडम, उशी घ्या पाठीला" म्हटलं होतं. उशीने पट्ट्याची जागा बदलत नाही.

पानोपानी

नमुना_नळी यांना आला तो अनुभव मोजून पाहिला गेलेला आहे, म्हणून लिहितोय. अमेरिकेत इयान एअर्स यांनी शिकागो भागातल्या शोरूममध्ये माणसं पाठवली होती, निष्कर्ष १९९१ मध्ये छापले. सगळ्यांना एकसारखं शिकवलेलं, एकाच पद्धतीने घासाघीस करायची. तरी गोऱ्या पुरुषांना जी किंमत सांगितली गेली त्यापेक्षा गोऱ्या बायकांना जास्त सांगितली गेली, आणि कृष्णवर्णीय ग्राहकांना त्याहूनही जास्त. त्या गाड्या नव्या होत्या, वापरलेल्या नाहीत, एवढा फरक लक्षात ठेवून वाचावं.

दुसरा प्रयोग मला जास्त आशेचा वाटतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी गॅरेजना फोन करून रेडिएटर बदलायचा भाव विचारायला लावला. ज्यांना भावाची काहीच कल्पना नाही असं बोलण्यातून दिसलं, त्यांच्यात बायकांना जास्त भाव सांगितला गेला. फोन करणाऱ्याने आधीच एक अपेक्षित आकडा सांगितला की बाई आणि पुरुष यांच्यातला फरक गेला. म्हणजे तुमच्याकडे माहिती आहे हे समोर आलं की वागणं बदलतं. चौथा_गिअर यांचा लेखी प्रश्नांचा मार्ग याचमुळे चालत असावा.

आणि बाहेरच्या तपासणीला नकार मिळतो, त्यामागचं अर्थशास्त्र जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन मांडलं. विकणाऱ्याला गाडीतला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात डागाळलेल्या गाड्याच जास्त उरतात. २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यामुळे जो मालक स्वतःहून बिलं दाखवतो आणि "कुठेही तपासा" म्हणतो, त्याला थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार असतो.

पाना_पकड

पानोपानी, हे वाचून वाईट वाटलं पण खोटं म्हणता येत नाही. माझ्याकडे बाई आली तर मी बदललेला पार्ट तिच्या हातात देतो आणि झीज कुठे आहे ते दाखवतो. सगळ्यांनीच जुना पार्ट मागून घ्यावा. मागायला लाजू नका.

नमुना_नळी ताई, स्कॅनरचं राहिलं होतं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं. मेकॅनिकला तिथे स्कॅनर लावायला सांगा. फक्त "फॉल्ट नाही" एवढं ऐकून समाधान मानू नका, कारण दाखवायच्या आधी फॉल्ट पुसून टाकतात. पुसला की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि स्कॅनरवर "रेडी नाही" असं दिसतं. त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस नीट चालावी लागते. फॉल्ट पुसल्यापासून किती किलोमीटर चालली हेही पुष्कळ गाड्या सांगतात. तो आकडा अगदी लहान असेल तर विचारा, काय पुसलं?

इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर त्याची वायर काढलीय असं धरा.

आणि चेसिस नंबर टाकून रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) बाकी आहे का बघा. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण वाहन उद्योगातलं सगळ्यात मोठं रिकॉल ठरलं. कित्येक ब्रँडच्या गाड्यांत त्यांचे इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) होते. आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं, मग एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडतात. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण त्या काळातल्या गाड्या हातोहात फिरतायत आणि नव्या मालकाला पत्र पोचलेलं नसतं. गाडीच्या कंपनीचं वर्कशॉप ते काम पैसे न घेता करतं.

पाण्यात बुडालेल्या गाड्याही येतात बरं का. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ असेल तर समजा. स्टेपनीखालचा खळगा, सीटच्या रुळांचे बोल्ट, हेडलाइटच्या आतली वाफ बघा. आत अत्तराचा भपकारा येत असेल तर काचा बंद करून पाच मिनिटं बसा, खरा वास येतोच.

नमुना_नळी

काही आठवडे गेले, आता कळवते. गाडी घेतली!

डीलरकडे पुन्हा गेले नाही. एका काकांची गाडी, घरात माणसं वाढली म्हणून मोठी घ्यायची होती त्यांना. पाच वर्षांची, रनिंग ७१ हजार. आकडा ऐकून मिस्टर म्हणाले, "एवढी चाललेली?" पण काकांकडे फाइल होती. पहिल्या सर्व्हिसपासूनचं प्रत्येक बिल, तारीख आणि किलोमीटर. वर्कशॉपमधून मी नोंदी पडताळल्या, आकडे चढत गेलेले, कुठेही अडखळ नाही. न दाखवता येणाऱ्या ३८ हजारांपेक्षा दाखवता येणारे ७१ हजार मला हजारपट बरे वाटले.

चौथा_गिअर ताईंचे प्रश्न मेसेजने पाठवले होते. सगळ्यांची उत्तरं आली, आणि न विचारता हेही आलं की मागचा बंपर एकदा खांबाला घासलाय, फोटोसकट. बोनेट थंड होतं, मी हात लावून बघितलं. काकांनी विचारलं, "चालवणार कोण?" मी म्हटलं मी, तर पुढची सगळी माहिती मलाच दिली. पहिल्या सेलला गाडी सुरू झाली. मागे वही घेऊन उभी होते, धूर नाही. रिकाम्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली तेव्हा डाव्या पुढच्या चाकातून कट-कट आवाज आला. माझ्या मेकॅनिकने सांगितलं, सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा). चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर एकदम ॲक्सिलरेटर दाबून बघितला, इंजिनचा आवाज चढला पण वेग मागे राहिला असं झालं नाही, म्हणजे क्लच ठीक आहे. स्कॅनरवर सगळं रेडी.

मग किंमत. मी आधी जॉइंटच्या दुरुस्तीचं लेखी कोटेशन आणलं आणि तेवढीच रक्कम कमी करा म्हटलं. तोंडी घासाघीस मला जमत नाही, कागद पुढे ठेवता येतो. काकांनी कोटेशन वाचलं, मेकॅनिकला फोन लावून एक प्रश्न विचारला आणि मान्य केलं. चेसिस नंबरवरून एअरबॅगचं एक रिकॉल बाकी निघालं. काकांना माहीतच नव्हतं, त्यांची मुलं याच गाडीत बसायची, त्यांचा चेहरा उतरला. ते काम वर्कशॉपमध्ये झालं, कागद फाइलमध्ये लावला. पैसे बोजा नसल्याचा दाखला हातात आल्यावरच दिले, आणि विमा माझ्या नावावर झाल्यावरच गाडी घरी आणली. पेटी डिकीत सपाट बसते. मोजून नेली होती.

चौथा_गिअर ताई, तुमचं टेपचं सांगणं फार मोलाचं ठरलं. एक गाडी मला आवडली होती, पण स्टिअरिंग मागे-पुढे होत नव्हतं आणि अंतर वीसच्या खाली येत होतं. ती तिथेच सोडली. कामावर दिवसभर याच सीटवर बसायचंय मला.

@पाना_पकड दादा, आता एक शेवटचं. इंजिनला बेल्टच आहे. कंपनीच्या पुस्तकात बदलायचं अंतर अजून आलेलं नाही, पण वर्षांची मुदत जवळ आलीय. थांबू का आत्ताच करू? आणि बेल्टसोबत आणखी काय बदलायला सांगू?

पाना_पकड

अभिनंदन ताई. आत्ताच करा. पुस्तकात अंतर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते धरायचं. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. तुमच्या इंजिनमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात का हे वर्कशॉपला विचारा. बहुतेक हल्लीच्या इंजिनांत आदळतात, आणि मग हेड उघडायला लागतं.

बेल्टचं पूर्ण किट घ्या, नुसता बेल्ट नको. टेन्शनर आणि आयडलर पुली (बेल्ट ताणून जागेवर ठेवणारे भाग) त्यातच येतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही आत्ताच बदला. तो पुढे गेला तर सगळं पुन्हा उघडावं लागेल आणि मजुरी दुप्पट पडेल. पंप काढताना कूलंट सांडतंच, तेव्हा नवं भरून घ्या, पुस्तकात लिहिलंय त्याच प्रकारचं, दोन प्रकार मिसळू नका. ब्रेक ऑइल फाइलमध्ये कधी बदललेलं दिसतंय? दोन वर्षं झाली असतील तर तेही. ते हवेतला ओलावा शोषतं आणि उतारावर ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं.

झालेल्या कामाच्या बिलावर किलोमीटर लिहून घ्या. जुना बेल्ट मागून घ्या आणि उजेडात वाकवून बघा. आतल्या दातांच्या मुळाशी बारीक चिरा असतील तर फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.